चाकरीचा मोबदला आणि संसाराचा आधार : वऱ्हाडच्या निमित्तानें एका कर-प्रश्नाचा इतिहास

पगार म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. महिन्याच्या अखेरीस जी रक्कम हातीं पडते ती पगार, असें कोणीहि सांगेल. परंतु नोकरीमुळें माणसाच्या पदरांत जें जें पडतें तें सर्वच रोख रकमेच्या रूपानें पडत नाहीं. कोणास राहावयास बिनभाड्याचें घर मिळतें, कोणास प्रवासाचा भत्ता मिळतो. कोणाच्या नांवावर धनी प्रॉव्हिडंट फंडांत आपल्या पदरचे चार पैसे टाकतो, कोणाच्या आयुष्याचा विमा उतरविला जातो. आणि कर्ता पुरुष अकालीं गेला तर त्याच्या पत्नीच्या हातीं एक ठोक रक्कम येते. यांपैकीं कोणत्या प्राप्तीस उत्पन्न मानून तिजवर कर घ्यावा आणि कोणत्या प्राप्तीस सरकारनें हात लावूं नये, हा वाद केवळ वकिलांचा नव्हे. ज्या घरांत मिळविणारा एक आणि खाणारे सहा, त्या घराचा तो प्रश्न आहे.

अमरावती व अकोला हीं वऱ्हाडांतील दोन प्रमुख शहरें. या प्रश्नाचा इतिहास समजून घेण्यास तीं विशेष सोयीचीं आहेत. कारण हक्कावर जगणाऱ्या समाजांतून पगारावर जगणारा वर्ग येथें दोन-तीन पिढ्यांत उभा राहिला, आणि त्याच्या पाठोपाठ पगारावरील कर आला. त्या इतिहासांत एक सूत्र स्पष्ट दिसतें. चाकरी चालू असतांना पगाराच्या बदल्यांत जें मिळतें त्यावर कायद्यानें उत्तरोत्तर अधिक बारकाईनें नजर ठेवली. चाकरी संपल्यावर, अथवा चाकरी करणाराच संपल्यावर, घराचा आधार म्हणून जें मिळतें त्यास कायद्यानें बहुतांशीं अभय दिलें. ही रेषा मात्र एका जागीं स्थिर राहिली नाहीं. ती केव्हां आणि कां हलली, हें समजल्याशिवाय आजच्या पगारपत्रकांतील रकान्यांचा अर्थ नीट लागत नाहीं.

जुन्या वऱ्हाडांत चाकरीचा मोबदला महिन्याच्या हिशोबानें क्वचितच मिळे. परगण्याचा कारभार देशमुख व देशपांडे पाहात, गांवचा कारभार पाटील व पटवारी पाहात, आणि सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार इत्यादि बलुतेदारांस सुगीच्या वेळीं खळ्यावरून धान्याचा ठरलेला वांटा मिळे. कामाचा मोबदला, घराण्याचा मान आणि पुढील पिढीची तरतूद हीं तिन्ही एकाच हक्कांत गुंतलेलीं होतीं. बाप वारला तर हक्क मुलाकडे जाई. वतन हाच पगार, तीच पेन्शन आणि तोच विमा. अर्थात् या व्यवस्थेचें सुख सर्वांच्या वांट्यास सारखें येत नव्हतें. देशमुखाचें वतन त्यास वैभव देई. महाराचें वतन त्यास पिढ्यान् पिढ्या गांवच्या राबणुकीस बांधून ठेवी. तरीहि एक गोष्ट खरी कीं, चाकरीच्या मोबदल्यांतील अमुक भाग उत्पन्न आणि अमुक भाग आधार, असा भेद त्या काळीं कोणी करीत नव्हता, आणि तो करण्याचें कारणहि नव्हतें.

२१ मे १८५३ च्या तहानें निजामानें कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. कारभार हळूहळू रोख पगाराच्या नोकरांकडे गेला. देशमुख-देशपांड्यांचें वसुलीचें काम संपलें, आणि पाटील-पटवाऱ्यांस जमाबंदीच्या वसुलावर ठराविक प्रमाणानें मेहनताना देण्याची पद्धत रूढ झाली. पुढें वऱ्हाडाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हां पूर्वेचें मुख्य ठाणें अमरावती व पश्चिमेचें अकोला ठरलें. १८६७ सालीं जी. आय. पी. रेल्वे अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा या मार्गानें नागपुरास पोंचली. कापसाच्या व्यापारास भरती आली. कचेऱ्या, न्यायालयें, शाळा, टपाल, तार, रेचे आणि रुईच्या गांठी बांधण्याचे कारखाने यांच्याबरोबर कारकून, शिक्षक, शिरस्तेदार, स्टेशनमास्तर, तारमास्तर असा एक नवा वर्ग या दोन शहरांत राहावयास आला. त्याच्यापाशीं वतन नव्हतें. पगार थांबला कीं चूल थांबली, ही भीति त्याच्या संसारांत प्रथमच शिरली.

हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर प्रथम आला तो १८६० सालीं. १८५७ च्या उठावाच्या खर्चानें रिकामी झालेली तिजोरी भरण्याकरितां जेम्स विल्सन यानें तो बसविला. पांच वर्षांनीं तो बंद झाला, पुढें निरनिराळ्या नांवांनीं येत-जात राहिला, आणि १८८६ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या कायद्यानें त्यानें कायमचें ठाण मांडलें. वऱ्हाडची स्थिति याबाबतींत कांहींशी चमत्कारिक होती. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. त्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत, ते निराळ्या हुकुमानें वऱ्हाडास लावावे लागत. १९०२ च्या करारानें हा मुलूख कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे आला आणि १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला. तरी ही औपचारिकता पुढेंहि कित्येक वर्षें टिकली. कायदा कोणत्या वाटेनें आला, हें जाणण्याची जिज्ञासा सामान्य नोकरदारास अर्थातच नव्हती. सरकारी चाकराचा कर पगार देतांनाच परस्पर कापून घेण्याची पद्धत होती, आणि तेवढेंच त्याच्या लक्षांत येण्यासारखें होतें.

या १८८६ च्या कायद्यानें 'पगार' या शब्दाची केलेली व्याख्या आजहि मननीय आहे. ठराविक पगाराच्या ऐवजीं किंवा त्याच्या जोडीला नोकरीमुळें मिळणारे भत्ते, फी, कमिशन व इतर लाभ यांचा तिनें पगारांत समावेश केला. मात्र प्रवासाचा भत्ता, तंबूचा भत्ता, घोड्याचा भत्ता व पाहुणचाराचा भत्ता हे तिनें वगळले. कारण उघड आहे. तालुक्यांतून दौऱ्यावर फिरणाऱ्या अंमलदाराचा घोडा सरकारच्या कामासाठीं धांवतो आणि सरकारच्या कामासाठींच चंदी खातो. त्या चंदीचा पैसा एका हातानें आला आणि दुसऱ्या हातानें गेला. अंमलदाराच्या पेटींत तो राहिला नाहीं. नोकरीकरितां झालेल्या खर्चाची भरपाई ही मिळकत नव्हे, हें या विषयांतील पहिलें तत्त्व. घोड्याची जागा पुढें मोटारीनें घेतली आणि तंबूची जागा विश्रामगृहानें घेतली, परंतु तत्त्व तेंच राहिलें.

दुसरें तत्त्वहि त्याच कायद्यांत आढळतें. स्वतःच्या अथवा पत्नीच्या आयुष्याच्या विम्याचा हप्ता, तसेंच सरकारच्या हुकुमानें पगारांतून पुढील वर्षासनाच्या तरतुदीसाठीं कापली जाणारी रक्कम, उत्पन्नाच्या एक-षष्ठांश मर्यादेपर्यंत करांतून सोडली होती. ही कल्पना विलायतेची. तेथें १८५३ सालीं ग्लॅडस्टन यानें विम्याच्या हप्त्यास हीच सहाव्या हिश्शाची सवलत दिली होती. तिच्या मुळाशीं असलेला विचार सरळ आहे. ज्याच्यापाशीं जमीन अथवा भांडवल आहे त्याच्यामागें तें उत्पन्न देत राहतें. पगारदाराचें उत्पन्न त्याच्या श्वासाबरोबर थांबतें. तेव्हां आजच्या पगारांतून उद्यासाठीं जो भाग तो बाजूला काढतो, तो खर्च करण्याजोगें उत्पन्न म्हणून मोजणें न्यायाचें नव्हे.

आंकड्यांनीं ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. १८८६ च्या कायद्याप्रमाणें वर्षास ५०० रुपयांखालील उत्पन्नावर कर नव्हता. ५०० ते २,००० रुपयांच्या पगारास रुपयामागें ४ पै, आणि त्यावरील पगारास ५ पै असा दर होता. दरमहा ५० रुपये मिळविणाऱ्या कारकुनाचें वर्षाचें उत्पन्न ६०० रुपये. त्यावर कर २,४०० पै, म्हणजे १२ रुपये ८ आणे. हा त्याच्या एका महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा झाला. त्यानें विम्यासाठीं पूर्ण सहावा हिस्सा, म्हणजे १०० रुपये, भरले तर त्यास मिळणारी सूट २ रुपये १ आणा ४ पै. सवलत होती, पण ५० रुपयांतून वर्षास १०० रुपये विम्यासाठीं बाजूला काढणें किती घरांस साधलें असतें, हें सांगावयास नको. सवलतीचें तत्त्व उदार होतें. तिचा लाभ घेण्याइतकी शिल्लक मात्र थोड्यांजवळ होती.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण वऱ्हाडांत घरोघर ठाऊक आहे. १८८६ च्या कायद्यानें तिला एक अनपेक्षित पुष्टि दिली. शेतीचें उत्पन्न या करांतून वगळण्यांत आलें, कारण जमीन सारा देतच होती. व्यापाऱ्याचें उत्पन्न अंदाजानें ठरे आणि त्या अंदाजावर घासाघीस होई. चाकरीचें उत्पन्न मात्र पगारपत्रकावर लिहिलेलें असे. तें लपत नव्हतें आणि लपवितांहि येत नव्हतें. शेंकडों एकर कपाशीचा धनी या करांतून मोकळा आणि पन्नास रुपयांचा कारकून कराच्या तावडींत, असें चित्र दिसूं लागलें. सारा आणि प्राप्तिकर यांची तुलना सरळ करतां येत नाहीं हें खरें. तरी कमी पगाराच्या नोकरास हा भार अन्यायाचा वाटे यांत नवल नाहीं.

ही तक्रार सर्व देशाची होती. करमुक्त मर्यादा ५०० वरून १,००० रुपयांवर न्यावी, ही मागणी राष्ट्रीय सभेनें वारंवार केली. त्या सभेचें तेरावें अधिवेशन डिसेंबर १८९७ मध्यें अमरावतीसच भरलें. अध्यक्ष होते सी. शंकरन् नायर आणि स्वागताध्यक्ष अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे. दुष्काळ आणि प्लेग यांनीं तें वर्ष काळवंडलें होतें. पुढें १९०२ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं व्हाइसरॉयच्या कायदे-कौन्सिलांतील आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणांत मिठावरील कर कमी करण्याच्या मागणीबरोबर हीहि मागणी जोरानें मांडली, आणि १९०३ सालीं मर्यादा १,००० रुपये झाली. दरमहा ८३ रुपयांपर्यंतचा नोकर त्या दिवसापासून करमुक्त झाला. अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांतील खालच्या जागांवरच्या माणसांस विम्याच्या सवलतीहून ही सुटका अधिक मोलाची ठरली.

वरच्या पगाराच्या लोकांपुढें मात्र निराळा प्रश्न उभा होता. धन्यानें दिलेलें घर हें उत्पन्न कीं सोय? या प्रश्नावर इंग्लंडच्या उमराव-सभेनें १८९२ सालीं एक प्रसिद्ध निकाल दिला. स्कॉटलंडमधील माँट्रोज येथें बँकेच्या एका एजंटास बँकेच्या इमारतींतच राहावें लागे. बँक बंद झाल्यावर तिची राखण त्याच्याकडेच असे. त्या घराचें भाडें धरून त्याचें उत्पन्न मोजावें असें करखात्याचें म्हणणें होतें. न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, तें घर त्यास भाड्यानें देतां येत नाहीं अथवा त्याचे पैसे करतां येत नाहींत. त्याचा खर्च वांचला, पण उत्पन्न वाढलें नाहीं. हा निकाल तर्कानें सुबक होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला असता कीं, धनी पगार कमी करून घर, नोकर व गाडी देऊं लागले असते, आणि कर फक्त रोख पगार घेणाऱ्यानें भरला असता.

हिंदुस्थानच्या कायद्यानें पुढें निराळी वाट धरली. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यांत पगाराविषयींच्या कलमास असें स्पष्टीकरण जोडलें गेलें कीं, धन्याच्या घरांत बिनभाड्यानें राहण्याचा हक्क हाहि नोकरीचाच एक लाभ होय. १९५५ च्या वित्त-कायद्यानें तर अशा लाभांची सविस्तर व्याख्याच केली. बिनभाड्याचें घर, सवलतीच्या भाड्याचें घर, धन्यानें परस्पर फेडलेलें नोकराचें खासगी देणें, नोकराच्या आयुष्याच्या विम्यासाठीं धन्यानें भरलेली रक्कम, हीं सर्व त्या व्याख्येंत आलीं. त्यांपैकीं कांहीं लाभ मात्र मोठ्या पगाराच्या नोकरांपुरतेच धरले. रोख पैसा आणि वस्तुरूप लाभ यांतील भिंत अशा रीतीनें पडली. खळ्यावरचें धान्य हाहि मोबदलाच, हें जुन्या गांवगाड्यास न सांगतां कळत होतें. आधुनिक कायदा तेथें बराच फेरा घालून पोंचला.

१९२२ च्या त्याच कायद्यानें दुसऱ्या बाजूची रेषाहि ठळक केली. पेन्शनीचा भाग विकून मिळालेली एकरकमी भरपाई, मृत्यु अथवा दुखापतीबद्दल मिळालेली ठोक रक्कम, विम्याच्या पॉलिसीची रक्कम आणि सरकारमान्य प्रॉव्हिडंट फंडाची शिल्लक ही त्यानें करांतून वगळली. या चारहि रकमांत एक समान गोष्ट आहे. त्या झाडाचें फळ नसून झाडाच्या जागीं मिळालेलें लांकूड आहेत. कारखान्यांतील चालत्या पट्ट्यांत सांपडून ज्याचा हात गेला, त्यास १९२३ च्या कामगार-भरपाई कायद्याप्रमाणें मिळणारे पैसे हे त्या हाताची मजुरी नव्हेत, त्या हाताची किंमत आहेत. वऱ्हाडच्या रेचे-प्रेस कारखान्यांत हंगामी काम करणाऱ्या मजुरास प्राप्तिकराचा प्रश्न कधीं पडत नसे, कारण त्याची मजुरीच तेवढी नव्हती. परंतु उत्पन्न आणि नुकसानभरपाई यांतील भेद त्याच्या उदाहरणानें जितका स्पष्ट होतो तितका दुसऱ्या कशानेंहि होत नाहीं.

या कायद्यांत एकत्र कुटुंबाचीहि आठवण ठेवली होती. हिंदु अविभक्त कुटुंबानें आपल्या कोणत्याहि पुरुषाच्या अथवा त्याच्या पत्नीच्या आयुष्याच्या विम्यासाठीं भरलेली रक्कम सवलतीस पात्र धरली. कुटुंबांत विमा उतरविण्याजोगा जीव म्हणजे पुरुष अथवा त्याची बायको. अविवाहित मुलीचें नांव तेथें नाहीं. मिळवितीची कल्पनाच तेव्हांच्या कायद्याच्या मनांत नव्हती, हें त्या शब्दांवरून कळतें. विधवेच्या संरक्षणाची एक महत्त्वाची तरतूद मात्र दुसऱ्या कायद्यांत झाली. पत्नी व मुलें यांच्या हितासाठीं उतरविलेली पॉलिसी हा त्यांचा विश्वस्त निधि होय आणि ती पतीच्या धनकोंस घेतां येणार नाहीं, असें १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मिळकतीच्या कायद्यांत होतें. तें हिंदूंसहि लागू आहे असा खुलासा १९२३ च्या दुरुस्तीनें झाला. एका वाईट हंगामानें सावकाराच्या वहींत नांव चढणाऱ्या कापसाच्या मुलुखांत या तरतुदीचें मोल करमाफीहून कमी नव्हतें.

प्रॉव्हिडंट फंडाच्या बाबतींत प्रथम एक मोठी विषमता होती. १८९७ आणि १९२५ च्या कायद्यांखालीं येणारे फंड मुख्यतः सरकार, रेल्वे व स्थानिक संस्था यांचे होते. करमाफी त्यांना मिळे. बडनेरा स्टेशनावरील बाबूची शिल्लक सुरक्षित, आणि जवळच्याच गिरणींतील कारकुनाच्या फंडास तसें अभय नाहीं, अशी स्थिति होती. १९२९ सालीं प्राप्तिकर कायद्यांत दुरुस्ती होऊन खासगी धन्यांच्या मान्यताप्राप्त फंडांस सवलत मिळाली. अटी बारकाईच्या होत्या. फंड विश्वस्तांच्या हातीं असावा, वर्गणी पगाराच्या ठराविक प्रमाणांत असावी, धन्यानें आपल्या धंद्यांत ती वापरूं नये. सतत पांच वर्षें चाकरी करून निघणाऱ्यास सर्व शिल्लक करमुक्त मिळे. पुढें १९५२ च्या कर्मचारी भविष्यनिर्वाह निधि कायद्यानें कापड-गिरण्यांसह सहा उद्योगांत असा फंड सक्तीचा केला, आणि धन्याच्या मर्जीवर असलेली गोष्ट नोकराच्या हक्काची झाली.

बक्षिसादाखल मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा प्रवास आणखी बोधप्रद आहे. १९२२ च्या कायद्यानें तिचें नांव पगार व पेन्शन यांच्या पंक्तींत लिहिलें. म्हणजे ती उत्पन्न ठरली. पंचवीस-तीस वर्षांच्या चाकरीचा निरोप म्हणून एकदांच मिळणारी रक्कम त्या वर्षाच्या पगारांत मिळविली तर कराचा दर फुगतो आणि आधाराचाच लचका तुटतो. १९६१ च्या कायद्यानें ही चूक सुधारली. सरकारी नोकराची ग्रॅच्युइटी पूर्णपणें, व इतरांची ठराविक मर्यादेपर्यंत, करमुक्त झाली. १९७२ सालीं ग्रॅच्युइटीचा स्वतंत्र कायदा होऊन तीहि कृपेची गोष्ट न राहतां हक्काची झाली. मासिक पेन्शन मात्र पहिल्यापासून करपात्रच राहिली. ती थांबलेल्या पगाराची जागा घेते आणि पगारासारखीच दरमहा येते, म्हणून कायद्यानें तिला पगाराचेंच रूप मानलें.

विम्याच्या रकमेस कर नसला तरी ती मिळेलच अशी खात्री पूर्वी नव्हती. लहान विमा-कंपन्या निघत आणि बुडत. १९३८ च्या विमा-कायद्यानें त्यांच्यावर नियंत्रण आलें. शेवटचें पाऊल अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं उचललें. आय. सी. एस. मधील आपल्या नोकरीचा मोठा काळ त्यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कारभारांत, त्या प्रांताच्या अर्थखात्यांतहि, घालविला होता. १९५५ सालीं नोकरीच्या लाभांची व्याख्या विस्तृत करणारा वित्त-कायदा त्यांचाच. १९ जानेवारी १९५६ रोजीं त्यांनीं नभोवाणीवरून आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण जाहीर केलें. २४५ कंपन्या व संस्था सरकारच्या ताब्यांत आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळ सुरू झालें. एका बाजूनें मोठ्या पगारांच्या आडून मिळणाऱ्या सोयी करांत ओढणें आणि दुसऱ्या बाजूनें सामान्याच्या विम्यामागें सरकारची हमी उभी करणें, या दोन गोष्टी एकाच अर्थमंत्र्याच्या हातून वर्षभराच्या अंतरानें झाल्या. त्या परस्परविरोधी नव्हत्या. एकाच रेषेच्या त्या दोन बाजू होत्या.

तरीहि एक गुंता उरला. धनी नोकराच्या भावी वर्षासनासाठीं विमा-कंपनीकडे हप्ता भरतो. तो नोकराचा आजचा लाभ समजावा काय? कोझिकोडे येथील एका सहकारी संस्थेच्या युरोपियन नोकराच्या खटल्यांत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला, आणि १९६४ सालीं निकाल झाला कीं, जो हक्क अद्याप पक्का झाला नाहीं, जो पुढील घटनांवर अवलंबून आहे, तो नोकरास मिळाला असें म्हणतां येणार नाहीं. म्हणून त्यावर आज कर नाहीं. हातीं आलेलें आणि हातीं येईल असें वाटणारें, यांत न्यायालयानें स्पष्ट अंतर राखलें.

एकविसाव्या शतकांत रेषा पुन्हा हलली, आणि या वेळीं कारण निराळें होतें. विम्याच्या करमाफीचा आडोसा घेऊन श्रीमंत लोक मोठ्या रकमा गुंतवूं लागले. म्हणून १ एप्रिल २००३ पासून वार्षिक हप्ता विमा-रकमेच्या २० टक्क्यांहून अधिक असलेल्या पॉलिसींची, आणि १ एप्रिल २०१२ पासून १० टक्क्यांहून अधिक असलेल्यांची, मुदतीअंतींची माफी काढून घेण्यांत आली. २०२१ सालीं भविष्यनिर्वाह निधींत वर्षास अडीच लाखांवर नोकरानें स्वतः भरलेल्या रकमेचें व्याज सामान्यतः करपात्र झालें, आणि १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या साध्या पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता पांच लाखांवर गेल्यास मुदतीअंतीं मिळणाऱ्या रकमेस कर लागला. या सर्व दुरुस्त्यांत एक अपवाद कटाक्षानें राखला आहे : विमेदाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाच्या हातीं पडणारी रक्कम. तिला कोणतीहि मर्यादा लावली नाहीं. धन्यानें आपल्या धंद्याच्या हितासाठीं महत्त्वाच्या नोकराचा विमा उतरविला असेल तर ती गोष्ट वेगळी; तेथें पैसा घराचा आधार नसून धंद्याची प्राप्ति असते.

उलट, १८८६ पासून चालत आलेली हप्त्यावरील सवलत मात्र क्षीण होत गेली. २०२० सालीं कमी दरांची नवी करपद्धति आली. तिच्यांत आयुर्विम्याच्या हप्त्याची वजावट नाहीं, आणि २०२३ पासून तीच पद्धति मूळ म्हणून धरली जाऊं लागली. जुनी हवी असेल तर नोकरदारानें तसें कळवावयाचें. १९६१ च्या कायद्याच्या जागीं २०२५ सालीं संमत झालेला, १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हावयाचा म्हणून ठरविलेला नवा कायदाहि हीच चौकट पुढें नेतो. भरतांनाची सवलत जाते आहे. मिळतांनाचें अभय राहिलें आहे.

या बदलाचा अर्थ नोकरदार घरांनीं नीट ओळखावयास हवा. जोंवर हप्त्यावर सवलत होती तोंवर पुष्कळांनीं विमा कर वांचविण्यासाठीं घेतला, आणि मार्च महिना आला कीं एजंटाची वाट पाहिली. आतां तें निमित्त उरलें नाहीं, म्हणून विमाच नको, असें म्हणणें म्हणजे छत्रीवरची नक्षी गेली म्हणून छत्री टाकून देणें होय. कराची सूट हें विम्याचें प्रयोजन कधींच नव्हतें. वतन गेलें, पगार आला, आणि पगाराच्या मागें कोणीच उभें राहिना. ती उणीव भरून काढण्यासाठीं फंड, ग्रॅच्युइटी आणि विमा हीं तीन साधनें एकामागून एक आलीं. घोड्याच्या चंदीपासून महामंडळाच्या पॉलिसीपर्यंत कायद्यानें अनेक वेळां आपलें मत बदललें, परंतु एक प्रश्न तो सतत विचारीत आला : हा पैसा मिळविणाऱ्याच्या श्रमाचा आहे, कीं मिळविणाऱ्याच्या जागीं आलेला आहे? अमरावतीच्या अथवा अकोल्याच्या कोणत्याहि घरानें आपल्या पगारपत्रकावरील प्रत्येक रकमेस हाच प्रश्न विचारला, तर करखात्याचें उत्तर पुष्कळदां आधींच कळेल. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, दुसऱ्या प्रकारचा पैसा आपल्या घरासाठीं पुरेसा राखला आहे कीं नाहीं, हेंहि कळेल.